उस्तादांचा हात आंबट झाला

बस गॅरेजचा फोरमन रोज सव्वाबाराला यायचा, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा, मान खाली घालून जेवायचा आणि ताट लख्ख करून उठायचा. बारा वर्षांत त्याने पानात काही टाकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो बिटाच्या सॅलडची वाटी घेऊन गल्ल्याशी आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने वाकून म्हणाला,

"वहिनी, उस्तादांचं माझ्यावर काही बिनसलंय का?"

"छे हो! का?"

"जरा खाऊन बघा. माझे तर दात आंबले."

वहिनींनी एक फोड तोंडात टाकली. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला आणि कानामागे कळ गेली. "बाटली निसटली असेल हातातून," त्या हसून म्हणाल्या आणि त्याला बिटाऐवजी काकडी वाढली. हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून त्या वाटी घेऊन आत निघाल्या, पण स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचे पाय अडले. उस्तादांच्या हातून बाटली निसटायची नाही. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी ती निसटलेली पाहिली नव्हती.

गॅरेजच्या फाटकासमोर नवरा-बायकोची ही खानावळ. आठ टेबलं, पुढे वहिनी, मागे उस्ताद, वरच्या मजल्यावर घर. चवीला तिथलं सगळंच चांगलं असायचं, पण उस्तादांच्या हाताचं नाव झालं होतं ते व्हिनेगरमुळे. शेगडीवरच्या फळीवर तीन बाटल्या असायच्या. पांढरं व्हिनेगर कांद्यांच्या बरण्यांसाठी, बिटासाठी आणि अंड्यांसाठी. उकळत्या पाण्यात ते चमचाभर घालून मग अंडं फोडून सोडलं, की पांढरा बलक चिंध्या होऊन पसरत नाही, पिवळ्याभोवती गोळा होऊन बसतो. तपकिरी असायचं तळलेल्या माशावर शिंपडायला. शिवाय मांस परतून काढलं की त्याच तव्यात ते थोडं ओतायचं. तवा चर्र करायचा, नाकात जाणारी वाफ उठायची आणि तळाला चिकटलेली खरपूस खरवड सुटून तिचा दोन मिनिटांत गडद सॉस व्हायचा. सफरचंदाचं कोबीला, आणि मसुरीच्या सूपला अगदी शेवटी, शेगडी बंद केल्यावर. केक करायचा असला तर त्यातलंच थोडं दुधात घालून दूध फाडायचं, म्हणजे सोड्याने केक नीट फुगतो.

"व्हिनेगर ओळखू आलं म्हणजे चुकलं," उस्ताद म्हणायचे. "खाणाऱ्याला वाटलं पाहिजे, आज मसूरच चांगली निघालीय."

मीठ ते मुठीच्या अंदाजाने टाकायचे, मिरपूड चिमटीने. त्यात झोपेतसुद्धा चूक व्हायची नाही. व्हिनेगर मात्र त्यांनी कधी मापाने घातलं नाही. थोडं घालायचं, ढवळायचं, चमच्याने चाखायचं, पुन्हा दोन थेंब, पुन्हा चाखायचं, आणि जीभ बास म्हणाली की थांबायचं.

बिटाच्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी सूप आंबट झालं. वहिनी गिऱ्हाइकांच्या आधी आत जाऊन चमचाभर प्यायल्या आणि तोंड वाकडं होणार तेवढ्यात उस्तादांनी मान वळवून विचारलं,

"कसं झालंय?"

आजवर त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांनी सांगायचं आणि दुसऱ्यांनी ऐकायचं, अशीच त्या स्वयंपाकघरातली रीत होती.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

आपण खोटं का बोललो, हे त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं. खानावळ सुरू केली होती सासऱ्यांनी. एके सकाळी सासऱ्यांनी सुपात तीनदा मीठ घातलं, आणि तिन्ही वेळा आपण पहिल्यांदाच घालतोय अशा खात्रीने घातलं. सगळे हसले. मग ते चाव्या विसरू लागले, मग घराचा रस्ता. दोन वर्षांनी त्यांनी पोटच्या पोराला विचारलं, "आपण कुठून आलात?" पुढची चार वर्षं उस्तादांनी बापाला हाताने भरवलं, आणि त्या चार वर्षांत त्यांचे केस पिकले. ते दिवस गेल्यावर त्या विषयावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पण दोघांच्याही मनात तो घर करून बसला होता.

तेव्हा वहिनींनी ठरवलं, की गाजावाजा करायचा नाही. दुसऱ्या गावी दिलेली लेक रविवारी फोन करायची, तिलाही सांगायचं नाही. आपण सांभाळून घ्यायचं.

सांभाळायचं कसं, हा प्रश्न होता. मासेवाल्याची गाडी अकराला मागच्या अंगणात यायची. उस्ताद मासे निवडायला बाहेर गेले की वहिनींना जेमतेम पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यात त्या प्रत्येक भांड्यात चमचा बुडवायच्या. पहिल्या दिवशी त्यांना कुठेतरी वाचलेलं आठवलं, की आंबटावर खाण्याचा सोडा चालतो. त्यांनी घाईघाईत चमचाभर सोडा सुपात टाकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग सूप फुसफुसत वर आलं, कडेवरून उतू गेलं आणि शेगडीभर पसरलं. मसुरीचा फेस पुसता पुसता त्यांची त्रेधा उडाली. उस्ताद माशांचा ट्रे घेऊन दारात उभे.

"शेगडी बंद करून गेलो होतो ना मी?"

"हो, बंदच आहे."

"मग उतू कसं गेलं?"

"तुम्ही जायच्या आधीच गेलं असेल," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या लक्षात आलं नसेल."

उस्तादांनी ट्रे ओट्यावर ठेवला. बंद बटणाकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले. नंतर सुरी धुवायला वळले.

त्यानंतर वहिनींनी सोड्याचं नाव काढलं नाही. साखर बरी. साखर आवाज करत नाही, फेसही काढत नाही. सुपात एक चमचा, कोबीत दोन, बिटात मूठभर. तरी एखाद्या दिवशी भागायचं नाही. मग त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. उस्ताद न्हाव्याकडे गेले असताना त्यांनी कोठीतल्या पांढऱ्या व्हिनेगरच्या कॅनमधलं अर्धं मोरीत ओतलं आणि तेवढंच पाणी भरून ठेवलं. फळीवरच्या तिन्ही बाटल्यांचंही तेच केलं. आता ओता म्हणावं हवं तेवढं.

उस्तादांनी खरंच हवं तेवढं ओतलं. बाटल्या पूर्वी महिना पुरायच्या, त्या आठवड्यात संपू लागल्या. पण पदार्थ खाण्याजोगे राहिले. फोरमन पुन्हा मान खाली घालून जेवू लागला. वहिनींना वाटलं, निभतंय.

उस्ताद मात्र गप्प होत चालले होते. पूर्वी कांदा चिरतानासुद्धा बडबड करणारा माणूस. रेडिओवरच्या बातमीदाराशी भांडायचा, कढईला शिव्या द्यायचा. आता आत फक्त सुरीचा आवाज. दोन-तीनदा त्यांना साखरेच्या डब्यात डोकावताना वहिनींनी पाहिलं. डबा उघडायचे, बघायचे, बंद करायचे. एकदा तर त्यांनी डब्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारलेली दिसली. वहिनींना वाटलं, मुंग्यांसाठी काहीतरी असेल.

पंधरा दिवसांनी एका सकाळी आतून बरणी ठेवल्याचा जोरात आवाज आला. वहिनी टेबलं पुसत होत्या, फडकं तसंच हातात घेऊन धावल्या.

ओट्यावर छोट्या कांद्यांची मोठी बरणी होती. तिच्यातलं पाणी आरशासारखं असायला हवं, ते गढूळ झालं होतं आणि वर पांढरट बुडबुडे आले होते. उस्तादांनी चमच्याने एक कांदा काढला. त्याला बुळबुळीत तार सुटली. वासानेच मागे सरावं अशी गत. शेजारच्या दोन्ही बरण्याही तशाच.

"माझी बरणी कधी नासली नाही," उस्ताद म्हणाले. "बाबा गेले त्या आठवड्यात भरलेलीसुद्धा नासली नव्हती."

ते उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाले, "दार लाव."

वहिनींनी दार लावलं.

"तुला सांगणार नव्हतो. पण आज ना उद्या कळणारच. माझं बाबांसारखं होतंय गं."

वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या. ज्या वाक्याच्या भीतीने महिनाभर झोप उडाली होती, ते उस्तादांनीच उच्चारलं होतं.

"मी साखर घालतो आणि विसरतो," उस्ताद सांगू लागले. "डबा भराभर उतरतोय. मी म्हटलं, भास असेल, म्हणून रेघ मारून ठेवली. दुपारपर्यंत रेघ चार बोटं वर राहिलेली. म्हणजे मी घातली ना? मला एक चमचासुद्धा आठवत नाही. ते सूप उतू गेलं, तेही मला दिसलं नाही. समोर उभा होतो असणार मी. आणि आता हे बघ. कांद्यात मी व्हिनेगरच्या जागी पाणी ओतलंय. त्याशिवाय असं होत नाही. काय ओततोय हेसुद्धा मला कळत नव्हतं."

वहिनींच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "साखर मी घालते."

"काय?"

"साखर मी घालते. रोज. तुम्ही माशांना गेलात की."

उस्तादांनी साखरेच्या डब्याकडे पाहिलं.

"सूप मी उतू घालवलं. सोडा टाकला होता. तुम्हाला खोटं सांगितलं." आता सुरुवात झालीच होती, तेव्हा त्या एका दमात म्हणाल्या, "आणि व्हिनेगरमध्ये पाणीही मीच भरलंय. कॅनमध्ये, बाटल्यांमध्ये, सगळीकडे. निम्मंनिम्म. कांदे माझ्यामुळे नासले."

"कांदेसुद्धा तूच?"

"कांदेसुद्धा."

"मग मी काय काय विसरलो?"

वहिनींनी प्रामाणिकपणे विचार केला. "परवा बनियन उलटं घातलं होतंत."

"ते मी आयुष्यभर घालतोय."

"मग काहीच नाही."

उस्तादांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. वहिनींना वाटलं रडतायत, म्हणून त्या धावत जवळ गेल्या, तर ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि पाणी पुसता पुसता पुन्हा हसू. त्या घाणेरड्या वासाच्या बरण्यांशेजारी वहिनीही जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि पदराने तोंड दाबून हसल्या.

"पण तू हे सगळं केलंस कशाला?" जरा वेळाने उस्तादांनी विचारलं.

"आंबट होत होतं म्हणून. तोंडात धरवत नव्हतं. तुम्हाला कळत कसं नव्हतं?"

उस्ताद गंभीर झाले. "नाही कळत," ते म्हणाले. "चवच नाही मला. दीड महिना झाला. मीठ जिभेवर ठेवलं तरी वाळू वाटते. वास येतो, चव नाही. बिनजिभेचा आचारी म्हणून कोणाला सांगू? वाटलं, हेही त्यातलंच. डोक्यातलंच काहीतरी बिघडत चाललंय."

वहिनींनी फार विचार केला नाही. त्यांनी बाहेरच्या दारावर 'आज उशीर' असं खडूने लिहिलं, नवऱ्याला ॲप्रनसकट उठवलं आणि चार दुकानं सोडून असलेल्या औषधांच्या दुकानात नेलं. दुकानाच्या बाई बुधवारी त्यांच्याकडेच मासे खायच्या, त्यामुळे घडाघडा बोलता आलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"नवीन काही गोळ्या चालू आहेत का?"

"छे. गोळ्या कसल्या?" उस्ताद म्हणाले.

"अंगठ्याच्या," वहिनी म्हणाल्या.

ओल्या फरशीवर रबरी बूट घालून उभं राहून उस्तादांच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बुरशी म्हणून सांगितलं होतं आणि तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यातले दोन संपले होते. नखासाठीची गोळी ती, तिचा जिभेशी संबंध असेल असं कोणाच्या मनात येणार?

बाईंनी त्या गोळ्यांचं नवं खोकं काढलं, आतला कागद उलगडला. तो उलगडतच गेला, चादरीसारखा. भिंग धरून त्या बोटाने ओळी शोधू लागल्या. वहिनी काउंटरची कड घट्ट धरून उभ्या होत्या.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "चव कमी होणे किंवा जाणे. लिहिलंय इथे."

"पुन्हा वाचा," उस्ताद म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाचलं.

तासाभरात दोघं डॉक्टरीणबाईंच्या समोर होती. त्यांनी गोळ्या तिथल्या तिथे बंद करायला सांगितल्या. "मी सांगितलं होतं तुम्हाला, तोंडात काही फरक वाटला तर लगेच या म्हणून."

"मला वाटलं, तोंड येण्याबद्दल म्हणताय," उस्ताद खजील होऊन म्हणाले. "तोंड तर आलं नव्हतं."

"चव परत येईल. बहुतेकांची येते. काहींना चार आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिने. घाई करायची नाही. नखाला वरून लावायचं औषध देते."

वहिनी उठल्या नाहीत. "डॉक्टर, एक विचारू? यांच्या वडिलांना विसरण्याचा आजार होता. तेवढं एकदा बघता का?"

"माझा विषय नाही तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण दोघांच्या तोंडाकडे बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. उस्तादांना वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावलं. मग म्हणाल्या, "तीन शब्द लक्षात ठेवा. खुर्ची, सुई, डोंगर." त्यानंतर त्या अंगठ्याकडे वळल्या, नख तपासलं, औषध लिहिलं, कसं लावायचं ते समजावलं. मग अचानक विचारलं, "शब्द कोणते होते?"

"खुर्ची, सुई, डोंगर," उस्ताद म्हणाले. "आणि तुमच्या टेबलावर डाव्या हाताला शाईचा डाग आहे. आम्ही आत आलो तेव्हा तुम्ही त्यावर वही सरकवलीत."

डॉक्टरीणबाईंनी वही उचलून बघितली आणि हसल्या. "मला काळजीचं काही दिसत नाही. मनात शंका राहिली तर त्या विषयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. पण आज घरी जाऊन झोपा. दोघंही."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अर्ध्यावरच त्या बसल्या. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. उस्ताद शेजारी बसले. ॲप्रन अजून अंगावरच होता, त्यावर सकाळच्या बिटाचे डाग.

"पाणी घालायचं तर कॅनमध्ये कशाला घातलंस?" ते म्हणाले. "व्हिनेगर पातळ झालं की कांदा टिकतो का कधी? एवढी वर्षं बघत्येस."

"बोला, बोला," वहिनी म्हणाल्या. "महिनाभर बोलला नाहीत."

पुढच्या आठवड्यापासून खानावळीत नवी व्यवस्था सुरू झाली. उस्ताद स्वतःच ॲप्रनला हात पुसत बाहेर आले आणि आठही टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंडळी, गोळीने माझी चव गेलीय. येईल परत. तोवर हात माझा, जीभ हिची. बिघडलं तर हिला बोला." फोरमनने उठून त्यांच्याशी हात मिळवला.

सांगायला सोपं होतं. पण चाखणं म्हणजे काय असतं, ते वहिनींना आता कळलं.

"आंबट आहे," त्या म्हणायच्या.

"किती?"

"म्हणजे... आंबट."

"अगं, कुठे लागतं? जिभेच्या कडेला की घशात? घशात लागत असेल तर जास्त झालं. कडेला लागून विरत असेल तर थांब."

"विरतंय. नाही, थांबा. हं, विरलं."

"आता मीठ कमी वाटतंय का?"

"नाही. उलट पुरेसं वाटतंय. मघाशी अळणी होतं."

"बघ! मीठ वाढवलेलं नाही मी. तेवढं काम व्हिनेगरच करतं."

वहिनींना नवल वाटायचं. इतकी वर्षं पुढे वाढत होत्या, आणि चमचाभर व्हिनेगरने हा माणूस मागे काय काय करत होता याचा पत्ता नव्हता. त्या शिकल्याही बऱ्यापैकी. दोनदा मासा खारट झाला आणि एकदा कोबीत व्हिनेगर घालायचंच राहिलं, पण गिऱ्हाईक कुठे गेलं नाही.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी कॉफीत दूध ओतून उस्तादांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"दूध उतरलंय."

वहिनींनी पातेल्यातलं चमचाभर दूध प्यायलं. चांगलं होतं. पुन्हा प्यायलं. तेव्हा कुठे अगदी मागे, पुसट अशी आंबूस छटा लागली. ते नासायला अजून दोन तास तरी होते. वहिनींनी वर पाहिलं. उस्तादांनी कप पुन्हा तोंडाला लावला होता.

"तुम्हाला लागलं?"

"लागलं," ते म्हणाले. त्या बिघडत्या दुधाची कॉफी त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

एका दिवसात सगळं आलं असं नाही. आधी आंबट आलं, मग कडू, मग मीठ. गोड सगळ्यात शेवटी, आणि तेही रुसून आल्यासारखं. पण सातव्या आठवड्याच्या गुरुवारी त्यांनी खानावळ दुपारी बंद ठेवली, स्वच्छ शर्ट चढवला आणि वहिनींना म्हणाले, "चल, आज दुसऱ्याच्या हातचं जेवू."

बाजाराच्या टोकाला नवं हॉटेल निघालं होतं, तिथे दोघं गेली. पांढरे टेबलक्लॉथ, काचेच्या भांड्यात एकेक फूल. कोबी आला, बटाट्याचं सॅलड आलं, मासा आला. उस्तादांनी प्रत्येकातला घास घेऊन डोळे मिटले.

"कोबीत व्हिनेगर आधीच घातलंय," ते म्हणाले. "शिजायच्या आधी घातलं की कोबी कडकच राहतो. आणि माशावर ओतलंय, शिंपडलेलं नाही. कुरकुरीत पापुद्रा मऊ पडला सगळा. बटाटे ठीक. नाही, ठीक कसले, थंड झाल्यावर घातलंय, आत मुरलंच नाही. गरम असताना घालायला हवं होतं. सॉस बघ, सॉस! हा काय..."

"हळू बोला, ऐकतील," वहिनी म्हणाल्या.

"ऐकू देत. हा सॉस करताना त्याने तवा खरवडलेलाच नाही. सगळी चव मोरीत धुऊन टाकली याने."

वाढणारा माणूस पलीकडून बघत होता. वहिनींनी त्याच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सगळं उत्तम चाललंय, आणि खुर्चीला पाठ टेकून त्या ऐकत बसल्या.